साताऱ्यातील ज्येष्ठांसाठीची मृत्युपत्र व निर्वाह सल्ला सेवा: मावशीबरोबर घेतलेला अनुभव

ज्येष्ठ नागरिकांची मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे आणि निर्वाहाचे (म्हणजे मुलांकडून दरमहा खर्च मिळावा यासाठीचे) अर्ज अशी कामे प्रामुख्याने करणाऱ्या साताऱ्यातील एका वकील कार्यालयाची सेवा आम्ही गेल्या वर्षी सुमारे आठ महिने घेतली. त्या अनुभवावर हे परीक्षण आहे. कार्यालयाचे आणि तेथील वकीलबाईंचे नाव मी दिलेले नाही, कारण नावावरून प्रकरण आणि प्रकरणावरून घर ओळखू येते, आणि हे लिहायला परवानगी देताना मावशीने तेवढी एकच अट घातली होती. ज्यांच्या घरात असा प्रसंग उभा आहे त्यांना अशा सेवेकडून काय मागावे, काय मिळते आणि काय मिळत नाही हे कळावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिले आहे.

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. काका पाटबंधारे खात्यात होते; त्यांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. साताऱ्याच्या उपनगरातले घर आणि गावाकडची साठ गुंठे बागायत जमीन काकांनी स्वतःच्या कमाईतून, तिच्याच नावाने घेतली होती. मुलगा साताऱ्यात असतो आणि मुलगी वाळवा तालुक्यात दिलेली आहे. चार वर्षांपूर्वी मुलाने घराचे बक्षीसपत्र करून घेतले. वर मजला चढवायचा आहे, कर्जासाठी बँक घर नावावर मागते, आणि आईने मुलाला राहते घर बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागते, अशी कारणे त्याने सांगितली, आणि त्यांतले एकही खोटे नव्हते. दस्तलेखकाकडे अर्ध्या तासात मजकूर तयार झाला, ‘वाचून पाहिले, समजले, मान्य आहे’ या छापील ओळीखाली मावशीचा अंगठा आणि सही झाली, आणि दुय्यम निबंधकांसमोर फोटो काढून सगळे घरी आले. वर्षाच्या आत तिचे अंथरूण जिन्याखालच्या खोलीत गेले. बँकेचे पुस्तक, एटीएम कार्ड आणि फोन मुलाकडे गेला. मधुमेहाच्या गोळ्या संपल्या की पंधरा-पंधरा दिवस नव्या येत नसत. नोव्हेंबर महिन्यात मात्र हयातीचा दाखला द्यायचा असतो म्हणून तिला स्वच्छ पातळ नेसवून रिक्षाने बँकेत नेले जाई. हे सारे मला, तिच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला, त्याच शहरात राहूनही तीन वर्षांनी कळले, याचे मला अजून वाईट वाटते.

मी सर्वांत आधी १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन केला. ती सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत चालते आणि फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, प्रांताधिकारी हेच निर्वाह न्यायाधिकरणाचे काम पाहतात हे सांगितले, आणि अर्ज करण्यापूर्वी बक्षीसपत्राची प्रत एखाद्या जाणकाराला दाखवा असे सुचवले. तेथून आम्ही या कार्यालयात पोहोचलो.

पहिल्या भेटीतच मला एक धक्का बसला. मी बोलायला सुरुवात केली तसे वकीलबाईंनी मला थांबवले आणि बाहेर बसायला सांगितले. दार लावून त्या मावशीशी पाऊण तास एकट्या बोलल्या. बाहेर बाकावर बसून मला राग येत होता, कारण तिला रिक्षात घालून आणणारा मी, कागद गोळा करणारा मी, आणि फी देणारा मीच. नंतर त्यांनी मला कारण सांगितले ते असे की ज्या घरात एका नातेवाइकाने म्हाताऱ्या माणसाकडून सही करून घेतलेली असते, त्याच घरात दुसरा नातेवाईक चांगल्या हेतूने दुसरी सही करून घ्यायला येतो, आणि दोन्ही वेळेला त्या माणसाला काय हवे आहे हे कोणी विचारलेले नसते. मला हे पटायला वेळ लागला. घरी परतताना मावशीने सांगितले की बाईंनी तिला पहिलाच प्रश्न विचारला होता, “आजी, तुम्हाला काय हवंय?” आणि ती बराच वेळ गप्प बसून म्हणाली होती, “घर राहू दे त्याच्याकडं. माझी औषधं माझ्या हातानं आणता आली पाहिजेत, आणि लेकीला फोन लावता आला पाहिजे.” मी जी मागणी मनात धरून गेलो होतो ती घर परत घेण्याची होती. तिची मागणी मी तोवर ऐकलेलीच नव्हती.

या मागणीवरूनच पहिले काम झाले, आणि ते कोणत्याही न्यायालयातले नव्हते. दुसऱ्या दिवशी कार्यालयातील एक सहायक मुलगी मावशीबरोबर बँकेत गेली, जुने एटीएम कार्ड बंद करून नवे मागवले, खात्याला मावशीचा नवा मोबाइल क्रमांक जोडला आणि पुस्तक भरून घेतले. निवृत्तिवेतनातून दरमहा किती रक्कम कोणत्या तारखेला काढली गेली हे त्या पुस्तकावरून दिसले, आणि पुढे अर्जाला तेच जोडले गेले. कायद्याची बाजू कितीही चांगली मांडली असती तरी मावशीच्या जगण्यात एवढा फरक इतक्या लवकर पडला नसता, म्हणून या सेवेतला हा भाग मी सर्वांत वरचा मानतो.

आता बक्षीसपत्राविषयी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या २३ व्या कलमाविषयी पुष्कळ लोकांनी ऐकलेले असते, पण अर्धवट. साठ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने हा कायदा लागू झाल्यानंतर आपली मालमत्ता बक्षीस म्हणून किंवा अन्य प्रकारे दिली, ती देताना घेणाऱ्याने तिच्या मूलभूत गरजा भागवाव्यात अशी अट घातली, आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाने झाले असे मानले जाते आणि देणाऱ्याची इच्छा असल्यास न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. सगळी मेख ‘अट’ या शब्दात आहे. आमच्या दस्तात ‘तुम्ही माझे एकुलते एक पुत्र असून माझी सेवा करत आला आहात, त्या प्रेमापोटी’ असे शब्द होते, पण पुढे सांभाळ केला पाहिजे असे एकही वाक्य नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रमती देवी या प्रकरणात अशी अट असल्याचे दाखवावे लागेल, केवळ नाते आणि प्रेम यांवरून ती गृहीत धरता येणार नाही, असे म्हटले. त्यानंतर २ जानेवारी २०२५ रोजी उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे वाचला पाहिजे असे सांगून मध्य प्रदेशातील एका आईचे बक्षीसपत्र रद्द केले आणि न्यायाधिकरण मालमत्तेचा ताबाही परत देववू शकते हे स्पष्ट केले. परंतु त्या आईजवळ मुलाने आयुष्यभर सांभाळण्याविषयी लिहून दिलेले वचनपत्र होते. आमच्याजवळ तसा कागद नव्हता.

वकीलबाईंनी हा फरक पहिल्याच आठवड्यात सांगितला, आणि कागदावर लिहून दिला. निर्वाहाची रक्कम मिळण्याची शक्यता चांगली, बक्षीसपत्र रद्द होण्याची शक्यता कमी, दिवाणी न्यायालयात दबावाच्या कारणावरून दावा लावायचा तर मुदतीची अडचण येईल आणि वर्षे जातील. घर परत मिळवून देतो असे ठामपणे सांगणारे एक-दोन जण आम्हाला त्याआधी भेटले होते. एवढ्या अडचणीत सापडलेल्या माणसाला जे खरे आहे तेच सांगणे कठीण असते, आणि येथे ते सांगितले गेले, हे मी मुद्दाम नोंदवतो. शिवाय घरात सून आणि नातू राहतात; मुलाला बाहेर काढण्याची मागणी केली तर सुनेचा राहत्या घरातील हक्कही विचारात घ्यावा लागेल, कारण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात ज्येष्ठांचा हा कायदा आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा यांचा मेळ घालूनच निर्णय द्यावा असे सांगितले आहे. मावशीला तर सुनेला बाहेर काढायचेच नव्हते. सून तिला चोरून गोळ्या आणून देत असे, हेही त्या पाऊण तासातच बाहेर आले होते.

न्यायाधिकरणासमोरच्या कामाविषयी थोडक्यात लिहितो. अधिनियमाच्या १७ व्या कलमाने वकिलाला पक्षकारातर्फे उभे राहण्यास मनाई केली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती मनाई वकिलांच्या कायद्याशी विसंगत ठरवली, पण वकीलबाईंनी त्या वादात न शिरता अर्ज सोप्या मराठीत लिहून दिला आणि मावशीला स्वतः बोलायची तयारी करून दिली. तिने काय बोलावे हे पढवले नाही. कोणत्या तारखेला काय घडले एवढे तिच्याकडून दोन-तीनदा सांगवून घेतले. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो आणि अपवाद म्हणून तीस दिवस वाढवता येतात. मावसभाऊ दोन तारखांना आलाच नाही, त्यामुळे आम्हाला पाच महिने लागले. अखेर सलोखा अधिकाऱ्यांसमोर समेट झाला: मुलाने दरमहा सहा हजार रुपये मावशीच्या खात्यात भरावेत, तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली तिला हयातीपर्यंत वापरायला द्यावी, आणि लेकीच्या येण्या-जाण्याला हरकत घेऊ नये. हे सगळे आदेशात आले. रक्कम थकली तर न्यायाधिकरण वॉरंट काढू शकते आणि एक महिन्यापर्यंत कैदही देऊ शकते. निर्वाहाची कमाल मर्यादा मात्र अजून दरमहा दहा हजार रुपयेच आहे. ती कायदा झाला तेव्हाची आहे. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात ही मर्यादा काढून टाकण्याची तरतूद होती, परंतु त्या विधेयकाचा कायदा झाला नाही, आणि ज्या घरात औषधांवरच निम्मी रक्कम जाते तेथे याचा किती त्रास होतो हे मी आता जवळून पाहतो आहे.

या सेवेचा मला तितकाच मोलाचा वाटलेला दुसरा भाग यानंतर आला, जमिनीच्या निमित्ताने. माझी अशी पक्की समजूत होती की जो मुलगा आईचा छळ करतो त्याला तिच्या मागे तिची मालमत्ता मिळत नसणार. कायद्यात एवढे तर असेलच. काही ठिकाणी तसे कायदे खरोखरच आहेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात खून करणाऱ्याला वारसा नाकारणारा जो कायदा होता त्यात २००९ मध्ये दुर्बल प्रौढ व्यक्तीची आर्थिक पिळवणूक करणाऱ्यांचाही समावेश झाला. कॅलिफोर्नियाच्या प्रोबेट (मृत्युपत्र व वारसाविषयक) संहितेतील २५९ वे कलम वृद्धांचा शारीरिक छळ, हेळसांड किंवा आर्थिक शोषण करणाऱ्याला, स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने ते सिद्ध झाल्यास, काही लाभांपुरते मृतच मानते, म्हणजे तो आधीच मेला असता तर वाटप जसे झाले असते तसे केले जाते. जपानमध्ये छळ किंवा घोर अपमान करणाऱ्या भावी वारसाचे नाव कुटुंब न्यायालयाकडून वगळून घेता येते. चीनच्या नागरी संहितेचे ११२५ वे कलम, जे १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, मालमत्ताधारकाला टाकून देणाऱ्या किंवा गंभीर स्वरूपात छळणाऱ्या वारसाचा हक्क काढून घेते.

आपल्याकडे काय आहे, असे मी वकीलबाईंना विचारले. त्यांनी कपाटातून हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ काढला आणि दोन कलमे माझ्यासमोर ठेवली. २५ वे कलम म्हणते की जो खून करील किंवा खुनास साहाय्य करील त्याला त्या मृताची मालमत्ता वारसाने मिळणार नाही. २८ वे कलम म्हणते की रोग, व्यंग किंवा विद्रूपता यांमुळे, किंवा या कायद्यात सांगितलेली कारणे सोडून अन्य कोणत्याही कारणामुळे, कोणीही वारसा मिळण्यास अपात्र ठरणार नाही. ही दोन कलमे मी तेथेच उभ्याने तीनदा वाचली. जिन्याखाली ठेवणे, औषध न देणे, पैसे काढून घेणे, हात उगारणे, यांपैकी काहीही २५ व्या कलमात नाही. मावशी मृत्युपत्र न करता गेली असती तर तिची जमीन मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी मिळाली असती, वारस नोंदीच्या वेळी गावात कोणीही मुलाला काही विचारले नसते, आणि न्यायाधिकरणाचा आदेश फाइलमध्येच राहिला असता. २८ व्या कलमामागचा हेतू चांगला होता, हेही मला समजते. आंधळ्या, पांगळ्या, रोगी माणसांना वारशातून वगळण्याची जुनी रीत त्या कलमाने मोडून काढली. पण छळणारालाही त्याच कलमाचा आडोसा मिळतो, आणि संसदेने यात दुरुस्ती केली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भागात एक रीत आहे. वडील रागावले की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, ‘माझा मुलगा माझ्या आज्ञेत नाही, त्याचा माझ्या मालमत्तेशी काही संबंध नाही’. आमच्या घरातही कोणी तरी तेच सुचवले होते. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितले की अशा नोटिशीने मुलाचे वारसपण जात नाही, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला किंवा मुलीला जन्माने मिळालेला हिस्सा तर मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. स्वतःच्या मालकीच्या मालमत्तेविषयी मात्र त्याच अधिनियमाचे ३० वे कलम मृत्युपत्राचा पूर्ण अधिकार देते. म्हणजे परदेशातला न्यायाधीश माणूस गेल्यानंतर जे करतो, ते आपल्याकडे त्या माणसाने जिवंतपणी, शुद्धीवर असताना, स्वतःच्या सहीने करून ठेवावे लागते. हे कळले असते तर चार वर्षांपूर्वी बक्षीसपत्राऐवजी मावशीकडून मृत्युपत्रच झाले असते. ते मृत्यूनंतरच अमलात येते, हयातीत कितीही वेळा बदलता येते, आणि त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. द्यायचेच असेल तर सांभाळाची अट आणि हयातीपर्यंत राहण्याचा हक्क दस्तात शब्दशः लिहून घ्यावा, असे हे कार्यालय येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

मृत्युपत्राचे काम तीन बैठकांत झाले आणि तिन्ही बैठकांत मला व मावसबहिणीला बाहेर बसावे लागले. मुलाला का वगळले याचे कारण मृत्युपत्रात मावशीच्याच शब्दांत घातले, कारण जवळच्या वारसाला काही कारण न सांगता वगळले असेल तर पुढे न्यायालय ती गोष्ट संशयाने पाहू शकते. मृत्युपत्राभोवतीच्या अशा संशयास्पद परिस्थितीचे निरसन ते पुढे मांडणाऱ्यानेच केले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगितलेले आहे. साक्षीदार दोन लागतात. त्यांतले एक तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते, ज्यांनी ती शुद्धीत असल्याचा दाखलाही दिला, आणि दुसरी शेजारची शिक्षिका, जी तिशीतली आहे आणि मावशीच्या मागे साक्ष द्यायला उपलब्ध असेल. माझे नाव साक्षीदार म्हणून नको आणि व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणणारा) म्हणूनही नको, असे वकीलबाईंनी सांगितले, कारण मावशीला पहिल्यांदा त्या कार्यालयात आणणारा मी होतो. या वेळी मला राग आला नाही.

येथे एक गोष्ट घडली जी मी विसरणार नाही. मसुदा तयार झाल्यावर, साठच्या साठ गुंठे मुलीला, असे वाचून दाखवले तेव्हा मावशी म्हणाली, “नातवानं काय केलंय?” तिला वीस गुंठे मुलाच्या मुलाला द्यायचे होते. आम्ही बाहेरून हे ऐकले तेव्हा मावसबहिणीचा चेहरा उतरला, कारण पोरगा अजून सज्ञान नाही आणि जमीन शेवटी बापाच्याच हातात जाईल अशी तिला भीती वाटली. वकीलबाईंनी घाई केली नाही. मसुदा आठवडाभर बाजूला ठेवला, आणि पुढच्या बैठकीत मावशीसमोर पर्याय मांडला की नातवाचे वीस गुंठे तो सज्ञान होईपर्यंत सुनेने पालक म्हणून पाहावेत, मुलाने पाहू नयेत, आणि विहिरीच्या पाण्याचा हिस्साही त्याच प्रमाणात लिहावा. बागायतीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, आता दहा गुंठे असल्याने तुकडा पडण्याची अडचण येणार नाही हेही त्यांनी तपासले होते. मावशीने ते मान्य केले. मुलाला वगळायचे आणि मुलाचे घर मात्र तोडायचे नाही, हे तिने स्वतःच्या मनाने ठरवले, आणि ते कागदावर नेमके उतरवण्याचे कौशल्य त्या कार्यालयात होते.

त्याच दिवशी तिने आणखी एक प्रश्न विचारला, की तो सुधारला तर? चीनच्या त्या कलमातही, वारसाने पश्चात्ताप दाखवला आणि मालमत्ताधारकाने त्याला क्षमा केली तर गेलेला हक्क परत मिळतो अशी तरतूद आहे, आणि वॉशिंग्टनच्या कायद्यातही सगळे माहीत असूनही वृद्ध व्यक्तीने दान कायम ठेवले तर ते टिकते. छळणाऱ्याला वारसा नाकारण्याचा कायदा आपल्याकडे उद्या झाला तर तो लिहिणाऱ्यांनी क्षमेची ही वाट विसरू नये, असे मला मावशीकडे पाहून वाटते. वकीलबाईंनी तिला उत्तर दिले ते साधे होते: “आजी, मृत्युपत्र तुमचं आहे. बदलावंसं वाटलं तर या. पण एकट्या या.”

आता उणिवा. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे आणि कठडा एकाच बाजूला आहे. ज्येष्ठांसाठीच काम करणाऱ्या जागेत हे चालण्यासारखे नाही, आणि आम्ही तसे सांगितल्यावर ‘पाहू’ एवढेच उत्तर मिळाले. मृत्युपत्राच्या पहिल्या अंतिम प्रतीत जमिनीचा गट क्रमांक चुकला होता, शेवटचा अंक उलटा पडला होता. तो मावसबहिणीने सातबाऱ्याशी ताडून पाहिला म्हणून नोंदणीच्या आदल्या दिवशी सापडला, नाही तर सगळी मेहनत वाया जाण्याची वेळ आली असती. चूक त्यांनी लगेच दुरुस्त केली, परंतु असा दस्त बाहेर देण्यापूर्वी दोन माणसांनी उतारा समोर ठेवून तपासला पाहिजे. फीविषयी आधी लेखी काही दिले नव्हते. अखेरची रक्कम मला अवाजवी वाटली नाही, पण प्रत्येक टप्प्याची फी पहिल्याच दिवशी कागदावर मिळाली असती तर मधले दोन महिने मनात जी धास्ती होती ती राहिली नसती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते, ही गोष्टही आम्हाला येथे काम संपत आल्यावर समजली. ती पहिल्या भेटीत सांगायला हवी होती, मग आम्ही तरीही याच कार्यालयाकडे आलो असतो तर तो आमचा निर्णय ठरला असता.

हे सगळे धरूनही मी ही सेवा इतरांना सुचवीन. घर परत मिळवून देणाराच हवा असेल त्यांचे येथे समाधान होणार नाही. मावशी आता रस्त्याकडच्या खोलीत असते, दर आठवड्याला औषधाच्या दुकानात स्वतः जाते, आणि सहा हजारांचा एक हप्ता सोडला तर बाकी सर्व वेळेवर आले आहेत. मावसभाऊ तिच्याशी बोलत नाही. तिच्या जेवणाचे ताट सून आणून देते.

जाणाऱ्यांनी बक्षीसपत्राची प्रत, सूची क्रमांक दोन (दस्तनोंदणीचा ‘इंडेक्स टू’ उतारा), चालू सातबारा व आठ-अ, बँकेचे भरलेले पुस्तक आणि औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात. वेळ दुपारी तीननंतरची घ्यावी, कारण सकाळी वकीलबाई न्यायालयात असतात. ज्यांचे काम आहे त्या ज्येष्ठ व्यक्तीला स्वतः घेऊन जावे लागते. फोनवर किंवा मुलाबाळांमार्फत हे कार्यालय मृत्युपत्राचे काम स्वीकारत नाही.